टिल्लूसाठी कुठला दिवा

इंझोरी
१९ जानेवारी १९७८

प्रिय लिला,

तुला आणि शेषरावांना जय भीम. तुझं पत्र मागच्या आठवड्यात सोमवारी मिळालं. पोस्टमन आला तेव्हा मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते, हात चिकट होते, म्हणून त्याला म्हटलं, ओट्यावर ठेव. हात धुऊन येईपर्यंत शेजारच्या प्रयागबाईची कोंबडी तुझ्या पाकिटावर उभी राहून गेली होती. पाकिटाच्या कोपऱ्यावर तिच्या पायाचा ठसा आहे. मी तो पुसला नाही. उत्तराला दहा दिवस लागले, त्याचा राग धरू नको. तू विचारलंस ते मला नीट माहीत नव्हतं, आणि अर्धं माहीत असताना सांगायचं नाही असं मी फार पूर्वी ठरवलेलं आहे. का ठरवलं ते याच पत्रात पुढे येईल.

तू चार पानं लिहिलीस आणि चारही पानं टिल्लूची. त्याची पिसं झडतात, नवी आली तर काळपट येतात, चोच वरच्यावर सोलते, दांडीवरून खाली दाण्यापर्यंत उतरायला तो कंटाळतो, पाय आखडून बसतो. भुसावळच्या दुकानदाराने सांगितलं की पक्ष्याला उजेड कमी पडतो आहे, आणि तीन दिवे दाखवले. एक साधा पिवळा बल्ब. एक पांढरी ट्यूबलाइट. तिसरी नळी परदेशी, मुंबईहून मागवावी लागेल, तिचा उजेड म्हणे हुबेहूब सूर्यासारखा. तिच्या खोक्यावर जे लिहिलं होतं ते शेषरावांनी मराठीत करून दिलं आणि तू वेगळ्या चिठोऱ्यावर उतरवून पाठवलंस. अक्षर सुंदर आहे तुझं, तुझ्या बाबांसारखं, डावीकडे झुकणारं. शेवटी विचारलंस, माय, यातला कुठला घेऊ? तुझ्याबद्दल एकच ओळ होती, मी ठीक आहे. ती तू पत्र संपल्यावर समासात लिहिलीस, आडवी.

आधी दिव्याचं सांगते. परवाच्या गुरुवारी एसटीने वाशीमला गेले. गोपीचंद शेटचं दुकान तुला आठवत असेल, तुझे बाबा तिथूनच होल्डर, वायर, बटणं आणायचे. शेट आता फार म्हातारे झाले, पण मला ओळखलं. खुर्ची दिली. मी म्हटलं, पोपटासाठी दिवा पाहिजे. ते हसले नाहीत. त्यांनी बल्ब लावून दाखवला, ट्यूब लावून दाखवली, दोन्ही उजेडांत माझ्या लुगड्याचा पदर धरून दाखवला. पिवळ्यात हिरवा रंग मळकट दिसत होता, पांढऱ्यात तो आजाऱ्यासारखा दिसत होता. मग पायरीवर येऊन तोच पदर बाहेर धरला. शेट म्हणाले, “बाई, हा रंग माझ्या दुकानात नाही. देवमन असता तर त्यानं मलेच शिकवलं असतं.” मग त्यांनी चहा मागवला आणि मी बशीत ओतून प्यायले.

तिथून वाचनालयात गेले. तिथल्या बाईंनी पक्षी पाळण्याचं एक जुनं पुस्तक काढून दिलं, घरी न्यायला नाही, तिथेच बसून वाचायला. दोन तास बसले. माझं वाचणं हळू आहे, तुला माहीत आहे, ओठ हलतात. वहीत उतरवून घेतलं ते असं. सूर्याच्या किरणांत डोळ्याला दिसतं त्याहून जास्त काही असतं. त्या न दिसणाऱ्या भागाने अंगात हाडांचं सत्त्व तयार होतं, जनावरात, पक्ष्यात, माणसातही. साध्या बल्बमध्ये तो भाग नसतो. पांढऱ्या ट्यूबमध्येही जवळजवळ नसतो, ती नुसती पांढरी दिसते. आणि काचेतून ऊन आलं तर ऊब येते, उजेड येतो, पण तो भाग काच अडवते. म्हणजे बंद खिडकीजवळ पिंजरा ठेवून उपयोग नाही. हे मला नवीन होतं.

तुझ्या तिसऱ्या नळीबद्दल, म्हणजे खोक्यावरच्या मजकुराबद्दल, मी मानोऱ्याला उदयसिंग डॉक्टरांना जाऊन विचारलं. ढोरांचे डॉक्टर, आता नोकरीतून मोकळे झाले आहेत. त्यांनी चिठोरा दोनदा वाचला. म्हणाले, अशी नळी असते हे ऐकून आहे, पाहिली नाही, पण लिहिलंय ते खोटं वाटत नाही. तिच्यात तो भाग थोडा असेल. मात्र ती पिंजऱ्यापासून हातभरच लांब पाहिजे, छताला लावली तर वाया. मध्ये काच नको. पक्ष्याला सावलीत सरकायला जागा पाहिजे. सूर्य उगवताना लावायची आणि मावळताना बंद करायची, कारण पक्ष्याला रात्रही लागतेच. आणि एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मी बसमध्ये पूर्ण वेळ घोकत आले. वर्षभरात त्या नळीतला तो भाग संपून जातो. नळी पेटते, पहिल्यासारखीच दिसते, बघणाऱ्याला फरक कळत नाही. पण आतलं गेलेलं असतं.

घ्यायचीच झाली तर तिसरी घे. बल्ब घेऊ नको, ट्यूब टिल्लूसाठी म्हणून घेऊ नको. हे झालं तुझ्या प्रश्नाचं उत्तर, आणि पत्र इथे संपवता आलं असतं. पण तुझ्या चार पानांत एक गोष्ट नव्हती. खिडकी नव्हती. मी तुझ्या त्या खोलीत महिनाभर राहिले आहे, लिला. खिडकी पूर्वेला आहे. सकाळी सातला ऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर येतं आणि नऊला पलंगाच्या पायाशी उतरतं. पिंजरा त्याच खिडकीशी टांगलेला होता. त्या खोलीत पक्ष्याला उजेड कमी पडतो हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

आता मला फोरमनबद्दल लिहायचं आहे. तुला तो आठवतो हे मला माहीत आहे, कारण लग्नानंतरही तू इथे आलीस की कडुनिंबाकडे बघून शीळ घालायचीस.

तुझ्या बाबांना तो वीज येण्याच्या वर्षी मिळाला होता. गावात खांब उभे राहत होते आणि हे घराघरांत वायरी ओढत होते. एका वाकलेल्या बाभळीच्या ढोलीतून पडलेलं, पिसं न आलेलं पिल्लू, ते त्यांनी होल्डरच्या खोक्यात घालून आणलं. भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीवर वाढवलं. मोठा झाला तसा हे काम करत असले की खांद्यावर बसायचा आणि मान वाकडी करून प्रत्येक खिळ्याकडे असा बघायचा की जणू याचीच मंजुरी पाहिजे. म्हणून नाव फोरमन. प्रयागबाई म्हणायची, देवमनभाऊ, तुमच्या घरी साहेब एकच आहे न् तो हिरवा आहे. आपल्याकडे लाइन रोज जायची. आली की हे ओसरीवरून मला हाक मारायचे, “वच्छे, लाइन आली.” मी आत असले तर मला बल्ब दिसायचाच की. पण ते सांगितल्याशिवाय राहत नसत. दुसऱ्याच वर्षी फोरमन ते शिकला. तेच शब्द, तोच आवाज, शेवटी तोच थोडा खोकला.

मी वाचायला कशी शिकले ते तू पाहिलं आहेस. तू पहिलीत गेलीस तेव्हा तुझ्या अंकलिपीवर मी भाकरी थापता थापता नजर ठेवायचे. पुढे पुड्यांचे कागद. हळदीची पुडी, साखरेची पुडी, मी कागद सरळ करून पाटाखाली दाबून ठेवायचे आणि दुपारी काढायचे. बऱ्याच गोष्टींची सुरुवात मला माहीत आहे आणि शेवट माहीत नाही, किंवा उलटं. म्हणूनच मी बोलते वऱ्हाडी आणि लिहिते अशी. लिहिणं मी कागदावरूनच उचललं, आणि कागद अशीच बोली बोलतो. तुझे बाबा हसायचे. म्हणायचे, पत्रात तू मास्तरीण वाटतेस.

ते गेले तेव्हा तू वाशीमला शाळेच्या बोर्डिंगात होतीस, चौदा वर्षांची. कावीळ तीन आठवड्यांत घेऊन गेली. तू आलीस, पंधरा दिवस राहिलीस, मीच तुला परत पाठवलं, शाळा बुडते म्हणून. तुला वाटलं माय खंबीर आहे. तू गेल्यावर काय झालं ते तुला कोणी सांगितलं नाही, कारण मी सगळ्यांना शपथ घातली होती, आणि दिवाळीलाही तुला अभ्यासाचं सांगून तिकडेच ठेवलं होतं.

मी कोपरा धरला. आपल्यात ती पद्धत उरली नव्हती. बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकवावरून बोलायचं नाही, विधवेला कोंडायचं नाही, हे सगळं वस्तीने ठरवून पंधरा वर्षं झाली होती. तुझ्या बाबांनीच त्या बैठकीत उभं राहून सांगितलं होतं की बाईला मोकळं ठेवा. मला कोणीही बसवलं नाही, लिला. मीच बसले. मधल्या खोलीत, धान्याच्या कोठीला पाठ लावून. पाणी, चूल, सगळं आत. शेण टाकायला, निंदणाला, बाजाराला, कुठेच गेले नाही. प्रयागबाई तिच्या मळ्यातली वांगी, पालक दारातून आत ठेवून जायची.

आणि फोरमनचा पिंजरा मी ओसरीवरून काढून त्या खोलीत आणला. मांजराची भीती आहे असं सांगितलं. मांजराची भीती नव्हती. तो त्यांच्या आवाजात बोलायचा आणि तो आवाज मला एकटीला पाहिजे होता. ओसरीवर बोलला तर रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल, वाटून जाईल असं वाटायचं. त्या खोलीला खिडकी नाही, तुला माहीत आहे, वर एक कौल काचेचं आहे तेवढंच. दिवसातून चार-पाच वेळा तो म्हणायचा, वच्छे, लाइन आली. मी मान वर करायची. इतकंच माझं दिवसभराचं काम होतं.

दिवाळीनंतर तो कमी बोलायला लागला. संक्रांतीला गप्प झाला. चोच वाढून वाकडी झाली, दांडीवर बसताना पाय थरथरायचे, मग तो तळाशीच बसायला लागला. टिल्लूचं तू जे लिहिलंस ते मी आधी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्याच दिवसांत मीठ बांधून आलेला एक कागद मिळाला. कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी छापलेल्या कुठल्यातरी पुस्तिकेचं अर्धं पान. त्यावर होतं, “बंदिस्त पक्ष्यांना भरपूर प्रकाश मिळेल अशी व्यवस्था करावी. प्रकाशाअभावी हाडे ठिसूळ होऊन,” आणि पुढे फाटलेलं. मला किती आनंद झाला काय सांगू. उपाय सापडला होता, आणि तो मी स्वतः वाचून काढला होता. प्रकाश हा शब्द आपल्या बोलण्यात नाही. आपण उजेड म्हणतो, ऊन म्हणतो. प्रकाश मी एकाच ठिकाणी वाचला होता, तुझ्या बाबांच्या बल्बच्या खोक्यावर. भरपूर प्रकाश, दीर्घकाळ टिकणारा. अगदी तेच शब्द. मग शंका कसली? त्यांच्या पेटीतला शंभरचा बल्ब काढला, त्यांच्याच पकडीने वायर सोलली, आणि पिंजऱ्यावर टांगला. मला वाटलं, ते असते तर त्यांनी हेच केलं असतं. लाइन असेल तेवढा वेळ बल्ब चालू. दिवस नाही, रात्र नाही. फोरमन चोच उघडून धापा टाकत बसायचा. मला वाटायचं, गुण येतो आहे.

प्रयागबाईला ते बघवलं नाही. ती दारातून म्हणाली, “वच्छलाबाई, सुर्व्यानं तुमचं काय घोडं मारलं वो?” मी तिच्यावर चिडले. ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी गावात ढोरांना सुया टोचायला आलेल्या उदयसिंग डॉक्टरांना हाताला धरून घेऊन आली. भर दुपारी ते आत आले तेव्हा बल्ब पेटलेला होता. त्यांनी फोरमनला तळहातावर घेतलं, पाय दाबून पाहिले, चोच पाहिली. मग म्हणाले, “बाई, तुमी याले उजेड देला. याले ऊन पाह्यजे होतं.” मी त्यांना कागद दाखवला. प्रकाशच लिहिलं आहे, बघा. त्यांनी वाचला आणि परत दिला. म्हणाले, हे लिवणारा माणूस घरात बसून लिवत असन, ऊन म्हनाची त्याले लाज वाटली असन. अजून जीव आहे, म्हणाले. उद्यापासून सकाळी कोवळ्या उन्हात अंगणात ठेवा, घटकाभर. ज्वारीबरोबर पालक द्या, चुन्याची निवळी द्या. बल्ब काढा. होईल बरा.

तुला मी सांगितलं होतं की पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं आणि फोरमन उडून गेला. तू बोर्डिंगातून आलीस तेव्हा कडुनिंबाखाली उभी राहून हाका मारायचीस. एकदा पोपटांचा थवा वरून गेला आणि तू म्हणालीस, माय, त्यातला शेवटचा आपला. मी म्हटलं, हो. सात वर्षं मी हो म्हणत आले. तो उडाला नव्हता. तो मेला, त्या खोलीतच, डॉक्टर येऊन गेल्याच्या तिसऱ्या दिवशी.

आणि आता जे लिहिते ते मी प्रयागबाईलाही सांगितलेलं नाही. प्रकाश शब्द मला कळला नाही म्हणून तो मेला, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. त्यात माझा दोष लहान होतो. अडाणी बाई, शब्द चुकला. पण डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. स्वच्छ, आपल्या बोलीत, ऊन म्हणून सांगितलं होतं. मला कळलं होतं. पहिल्या सकाळी मी पिंजरा उचलला, ओसरीपर्यंत आले, आणि बाहेर अंगणात ऊन पडलेलं पाहिलं. समोर रस्ता. बाया बकेट घेऊन विहिरीवर जात होत्या, नवऱ्यांच्या न्याहाऱ्या बांधून शेतावर जात होत्या. त्यांच्यातली एखादी माझ्याकडे बघेल, काहीतरी बरं बोलेल, आणि मला ते ऐकून घ्यावं लागेल. उंबऱ्यावर माझा पाय निघाला नाही. मी म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी पिंजरा उचललाही नाही. प्रयागबाईला सांगितलं असतं तर तिने नेऊन ठेवला असता, पण तो आवाज दुसऱ्याच्या हातात द्यायची माझी तयारी नव्हती. तिसऱ्या दिवशी तो तळाशी आडवा पडलेला होता, पाय वर आखडलेले.

मग त्याला पुरायला मला बाहेर जावंच लागलं. सात महिन्यांनी. फाल्गुनातलं ऊन होतं, डोळे उघडवेनात. कडुनिंबाच्या बुडाशी मी विळ्याने खड्डा केला. जिवंत होता तेव्हा घटकाभर बसवायचं होतं, ते केलं नाही, आणि मेल्यावर उन्हात घेऊन बसले कितीतरी वेळ. तू शीळ घालायचीस ती बरोबर त्याच जागेवर उभी राहून. माती लोटून झाल्यावर पाहिलं तर प्रयागबाई कुंपणाशी उभी होती. एक विळा घेऊन आली आणि म्हणाली, तुमचा बोथट आहे, आमच्या मळ्यात मेथी काढाची आहे, येता का. मी गेले. लिला, लोक बरं बोलतील म्हणून ज्याची मला इतकी भीती होती, ते त्या दिवशी कोणीच काही बोललं नाही. मेथीच्या दोन जुड्या मला जास्त बांधून दिल्या, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी वादळात टिल्लू पडलेला सापडला तेव्हा मी त्याला महिनाभर ओसरीत, उन्हाच्या काठावर वाढवलं, आणि तुझ्याबरोबर भुसावळला पाठवून दिला. तुला वाटलं माय आपल्यावरच्या मायेने देते आहे. तेही होतंच. पण मला पुन्हा आवाज जपायचा नव्हता. पक्षी तुझ्या हाती दिला म्हणजे तो उन्हात राहील अशी माझी खात्री होती. त्या पूर्वेच्या खिडकीचं तूच मला वर्णन लिहिलं होतंस.

इकडची खबर थोडी देते, नाहीतर हे पत्र नुसतं जड होईल. तूर बरी आली. प्रयागबाईचा मळा यंदा टमाट्यांनी लाल झाला आहे, आणि ती वाशीमच्या बाजारात टोपलीमागे बसून अजून तशीच भांडते. तुझ्या बाबांची हत्यारांची पेटी मी तेल लावून ठेवली आहे. पकडीच्या मुठीवर त्यांनी सायकलची ट्यूब गुंडाळली होती, ती आता कडक झाली. वाचनालयात महिन्यातून एकदा जायचं ठरवलं आहे. तिथल्या पुस्तकांना शेवट असतो.

तर आता तो दिवा. तू विचारलंस म्हणून मी तीन ठिकाणी फिरले, पण मी दिव्यासाठी फिरले नाही. तुझ्या पत्राच्या दोन दिवस आधी शेषरावांचं कार्ड आलं होतं. तुला न सांगता टाकलं होतं, त्यांच्यावर रागावू नको, मोजून सहा ओळी आहेत आणि दोन ठिकाणी शाई फुटली आहे. त्यांनी लिहिलं आहे की पाच महिने झाले, तू क्वार्टरच्या दाराबाहेर आली नाहीस. मी बाळासाठी शिवलेली छोटी गोधडी तू पूर्वेच्या खिडकीवर खिळे मारून लावली आहेस. त्या खिडकीखाली काय आहे ते मला माहीत आहे. कोवळ्या उन्हाच्या वेळी क्वार्टरांच्या लाइनीतल्या बाया तिथे पाटावर बसतात, बाळांना तेल लावून मांडीवर पालथी घालतात. आपणही चार सकाळी तिथे बसलो होतो. तुझ्या लेकीच्या पाठीवर ऊन पडलं की ती मुठी उघडायची. अकराव्या दिवशी गेली, बाराव्या दिवशी बारसं होतं. नाव तू ठरवलं होतंस, मला सांगितलं नव्हतंस, आणि मी विचारलं नाही. कधी सांगावंसं वाटलं तर पत्राच्या समासात लिही, आडवं, चालेल. बाहेर ये असं मी तुला म्हणणार नाही, मला सगळे म्हणत होते आणि मी आले नाही. मी फक्त टिल्लूचं सांगते. तो दिवा मागवू नको. त्याचा जीव अजून आहे. खिळे काढायला शेषरावांना सांग, गोधडी आत पेटीत घालू नको, थंडीत गोधड्यांना ऊन द्यायचं असतं. सकाळी साडेसातला पिंजरा घेऊन खाली जा. बायांकडे पाठ करून बस, पहिले काही दिवस बघू नको त्या बाजूला, पिंजऱ्याकडे बघ. घटकाभरच. कोणी विचारलंच तर सांग, पोपटाला ऊन द्यायला आणलंय. ते खरंच आहे. उंबऱ्यावर पाय अडेल, तो अडतो, मला ठाऊक आहे. तेव्हा पिंजरा खाली ठेवू नको, एवढंच ऐक. मी सोमवारच्या गाडीने निघते आहे. मी पोचेन तेव्हा दार वाजवणार नाही, सरळ त्या पाटांजवळ येऊन बसेन, आणि तू येशील तोवर बसून राहीन.

तुझीच,
उन्हात शेंगा सोलत बसलेली
माय